मामांचा आठवणीचा क्लास

माझे मामा आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. खरं सांगायचं तर गाडी चालवायला नव्हे, गाडीच्या परीक्षेत पास व्हायला. हा फरक त्यांना स्वतःला कधी मान्य झाला नाही. पण त्यांच्याकडून शिकून पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं फाटक पाडणाऱ्या प्रत्येकाला तो चांगला ठाऊक होता. मीही त्यातलीच. फाटक डॉक्टरांचं होतं, त्यामुळे निदान मलमपट्टी जागच्या जागी झाली.

परीक्षेचा रस्ता ठरलेला असायचा आणि मामा पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याला त्याच रस्त्यावर घालायचे. "पिवळी भिंत आली की आरशात बघ. खांब गेला की दुसरा गिअर. बाकावर म्हातारबाबा बसलेले दिसले की वेग कमी." एकदा परीक्षेच्या दिवशी ते म्हातारबाबा आजारी पडले आणि बाक रिकामं राहिलं. मामांचे तीन विद्यार्थी ओळीने नापास झाले. संध्याकाळी मामा फळं घेऊन म्हातारबाबांना भेटायला गेले. तब्येतीची चौकशी केली आणि पुढच्या परीक्षेची तारीख त्यांच्या कानावर घालून आले.

शिकवणीच्या गाडीत मामांच्या पायाशीही एक ब्रेक असायचा. वर्षानुवर्षं तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला खोडच लागली होती. बसमध्ये, लिफ्टमध्ये, टीव्हीवर कुणी जिना उतरताना दिसला तरी, मामांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. म्हणून सगळी गल्ली त्यांना ब्रेकमामा म्हणे. आणि दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर उभं आयुष्य काढलेली आमची मामी म्हणायची, "ह्यांना ब्रेक आहे, पण तो दुसऱ्यांसाठी."

मामा निवृत्त झाले, गाडी विकली गेली, गॅरेज रिकामं झालं. रस्त्यावरच्या खुणांचा फळा मात्र भिंतीवर तसाच राहिला. आता या माणसाचं करायचं काय, असा प्रश्न घरात उभा राहिला आणि त्याच सुमारास चाचणीवाल्या ताई आल्या.

एक आरोग्य संस्था म्हातारपणी माणसाच्या आठवणीचं काय होतं याचा अभ्यास करत होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही घरं निवडली होती आणि त्यात आमच्या गल्लीतली बरीच निघाली. ताई दर दोन वर्षांनी येणार, प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तेच प्रश्न विचारणार. दहा शब्द वाचून दाखवायचे, ते परत म्हणायचे. घड्याळाचं चित्र काढायचं. एका मिनिटात सुचतील तेवढे प्राणी सांगायचे. आणि मग सगळं विसरायला झालं की ताई गोड आवाजात म्हणणार, "आता मघाचे ते दहा शब्द पुन्हा सांगता का?"

पहिल्या वेळी मामांनी सगळं नीट केलं आणि हात पुढे केला. "निकाल?"

"निकाल नसतो काका," ताई म्हणाल्या. "ही परीक्षा नाही, अभ्यास आहे."

"अभ्यास परीक्षेच्या आधी असतो," मामा म्हणाले.

दोन वर्षांनी ताई पुन्हा आल्या. पिशवीतून कागद काढला आणि वाचायला लागल्या. पूल, साबण, घोडा, तंबू. मामांचे कान टवकारले. ताई फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला आणि मग स्वयंपाकघरात आले. त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता.

"अगं, पेपर तोच आहे."

"कसला पेपर?" मामी म्हणाली.

"दहाच्या दहा शब्द तेच. रस्ता ठरलेला आहे."

पुढच्या आठवड्यात गॅरेज उघडलं.

मामांच्या आठवणीच्या क्लासला फी नव्हती, पण उशिरा येणाऱ्याला बाहेर उभं राहावं लागे. समोरचे टेलरकाका पहिल्या दिवसापासून हजर. कोपऱ्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई 'मी फक्त बघायला आलेय' असं म्हणत पहिल्या खुर्चीत बसल्या आणि तिथेच राहिल्या. हळूहळू अभ्यासातले बहुतेक सगळे म्हातारे जमले. मामी तेवढी गेली नाही. "मला घरात बसून ऐकू येतं, तेवढा त्रास पुरे," म्हणाली.

मामांनी दहा शब्दांचा रस्ता बनवला होता. हातात काठी घेऊन ते फळ्यासमोर उभे राहत. "गाडी पुलावर चढली. खाली काय?"

"नदी," वर्ग म्हणे.

"नदीत?"

"घोडा."

"घोड्यावर?"

"राजा."

"राजाच्या कोटाला?"

"बटण नाही."

"बटणाच्या जागी?"

"दोरी."

मग दोरीला तंबू, तंबूत साबण, साबणाखाली कंगवा आणि कंगव्याला चिकटलेलं लिंबू. टेलरकाकांना हा रस्ता शेवटपर्यंत पटला नाही. "बटण नसलेला कोट राजाला शिवून दिला कुणी?" ते दर वेळी विचारत. "आणि राजानं तो घेतला कसा?"

"तुम्ही घोड्यापर्यंत या आधी," मामा म्हणत.

प्राण्यांचीही तयारी होती. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर असं घरगुती सुरू झालं की माणूस अंगणातच अडकतो, असं मामांचं निरीक्षण होतं. म्हणून त्यांनी क्रम लावून दिला. हत्ती, पाणघोडा, खवल्या मांजर आणि तिथून पुढे जंगलात जिथे पाय नेतील तिथे. खवल्या मांजर कुणी पाहिलं नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याचं चित्र फळ्यावर काढलं. ते अननसाला शेपूट फुटल्यासारखं दिसत होतं.

तिसऱ्या फेरीला ताई आल्या तेव्हा गल्लीने निकाल लावला. टेलरकाका तर इतके तयारीत होते की ताईंनी कागद काढून "मी आता दहा शब्द..." एवढं म्हटलं आणि काकांनी दहाही सांगून टाकले. ताईंनी अजून एकही वाचला नव्हता. मामांनी काकांना नंतर फार झापलं. हिरवा दिवा लागायच्या आधी गाडी काढणं हे त्यांच्या लेखी महापाप होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी क्लास चालू असताना एक बाई गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. केस सगळे पांढरे, खांद्याला कापडी पिशवी, पायात मळलेले बूट. मामांनी घड्याळ पाहिलं.

"उशीर झाला. पण पहिलाच दिवस आहे, या. वय?"

"एकसष्ट," बाई म्हणाल्या.

"लहान आहात. बसा."

बाई मागच्या खुर्चीत बसल्या. पूल झाला, नदी झाली, लिंबापर्यंत सगळं झालं. मग मामांनी नव्या विद्यार्थिनीला उभं केलं आणि प्राणी सांगायला लावले. बाईंनी बरेच सांगितले.

"ठीक आहे," मामा म्हणाले. "पण सगळे पाळीव. जरा जंगलात शिरा. खवल्या मांजर ऐकलंय का कधी?"

"ऐकलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी त्याचसाठी आलेय. या अख्ख्या शहरात आम्ही किती गल्ल्यांतून चाचणी घेतो. खवल्या मांजर कुठेच कुणाला आठवत नाही. तुमच्या गल्लीत सगळ्यांना आठवतं. आणि सगळ्यांना तिसऱ्या नंबरावर."

टेलरकाका गळ्यातली मापाची टेप गुंडाळायला लागले.

बाई त्या अभ्यासातल्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. जमलेल्या आकड्यांतून अर्थ काढणं हे त्यांचं काम. गल्लीत पुढे सगळे त्यांना आकडेबाई म्हणायला लागले, तेव्हा आपणही तेच म्हणू. त्या रागावल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं. रागावलेल्या परीक्षकांची त्यांना सवय होती. पण आकडेबाई हसत होत्या.

"शब्द आम्ही ज्या क्रमानं वाचतो, तो क्रम वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे लोक मात्र सगळे पुलावरून निघतात आणि लिंबाला पोहोचतात. ताईंनी केलेलं रेकॉर्डिंग ऐकताना मला वाटलं, आमचं मशीन बिघडलं."

"म्हणजे पेपर तुम्ही काढता?" मामांनी विचारलं.

"काढणाऱ्यांपैकी एक."

"चांगला असतो."

आकडेबाईंनी मामांकडून खडू मागून घेतला. 'वळण पुढे आहे'च्या खुणेशेजारी जागा होती, तिथे त्यांनी एक आडवी रेघ काढली आणि एक उभी. "आडवं वय, उभी आठवण," त्या म्हणाल्या. "एका माणसाला दर दोन वर्षांनी तेच विचारलं की एकेक ठिपका मिळतो. ठिपके जोडले की झाली त्याची रेष. कुणाची वरून सुरू होते, कुणाची खालून. कोण हुशार, कोण मठ्ठ, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. कोण किती वेगानं उतरतोय, तेवढं बघायचं असतं."

मुख्याध्यापिकाबाईंनी हात वर केला. सवय जात नाही. "मग एवढी वर्षं थांबायचं कशाला? आजच साठीचे आणि ऐंशीचे गोळा करा, तुलना करा, मोकळे व्हा."

"ऐंशीवाल्यांच्या लहानपणी शाळा कमी होत्या. त्यांना शब्द कमी आठवले तर ते वयामुळे की शाळेमुळे, कसं सांगणार? म्हणून एकाच माणसाच्या मागे वर्षानुवर्षं फिरावं लागतं."

"शाळेमुळेच," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि समाधानाने मागे टेकल्या.

"आता सराव," आकडेबाई पुढे म्हणाल्या. "दुसऱ्यांदा तीच चाचणी दिली की माणूस थोडा सुधारतोच. ते आम्ही धरूनच चालतो. दर फेरीला त्याच वयाची थोडी नवी, कोरी माणसं घेतो. जुन्यांना त्यांच्याशी ताडून बघतो आणि सरावाचा फायदा वजा करतो. पण तुमचा हा काही सराव नाही. हा तर..."

"क्लास," मामा अभिमानाने म्हणाले.

"क्लास. बाकी सगळ्या गल्ल्या उतरतायत आणि तुमची चढतेय. अशीच चढत राहिली तर आणखी काही वर्षांनी तुम्ही सगळे कॉलेजात जाल."

सगळे हसले. मामाही हसले, पण जरा उशिरा. मला नंतर म्हणाले, "बाई चुकीचं बोलत नाहीत. रस्ता पाठ असलेला पोरगा मी किती पाहिलाय. दुसऱ्या गल्लीत घातला की त्याला स्टिअरिंग कुठे असतं ते आठवत नाही." मला डॉक्टरांचं फाटक आठवलं.

ठरलं असं की गल्लीतल्या सगळ्यांची चाचणी नव्या शब्दांनी पुन्हा घ्यायची. चाचणीवाल्या ताई आल्या. मामांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. शब्द वाचले गेले, आणि मामा चारांवर थांबले. घड्याळ काढून झालं, प्राणी झाले. पुन्हा विचारल्यावर दोन. तिसरा म्हणून त्यांनी 'लिंबू' सांगितलं, पण ते जुन्या रस्त्यावरचं होतं.

मामी शेजारच्या खोलीत चाचणी देऊन आली. तिला सात आठवले होते आणि मधेच कुकर बंद करायचंही आठवलं होतं.

"पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता," मामा म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते अभ्यासातून बाहेर पडले. गॅरेजला कुलूप लागलं. संस्थेचा फोन आला की घरात नाही म्हणून सांगायला लावत, तेही फोनला ऐकू जाईल अशा आवाजात. टेलरकाकांची गतही तीच झाली होती. संस्थेचं कुणी दिसलं की ते मशीनमागे वाकून पडलेली सुई शोधू लागत. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळ्यांचं कारण पुढे केलं. शब्द कानांनी ऐकायचे असतात, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

पुढची फेरी तोंडावर आली तशा आकडेबाई पुन्हा आल्या, तेव्हा मी तिथेच होते. मामीने त्यांना सरळ स्वयंपाकघरात आणून बसवलं, त्यामुळे मामांना घरात नसण्याची सोय राहिली नाही.

"मला काढून टाका यादीतून," मामा म्हणाले. "माझ्यामुळे तुमचा आकडा खाली येतो."

"तो खाली यायलाच हवा," आकडेबाई म्हणाल्या. "मामा, तुम्हाला सांगते आमच्या धंद्यातलं मोठं दुखणं कोणतं ते. ज्यांची आठवण उतरते ते येईनासे होतात. कुणी लाजतं, कुणाला दिवस लक्षात राहत नाही, कुणाला घरचे पाठवत नाहीत. येतात कोण? धडधाकट. त्यांचीच सरासरी काढली की कागदावर म्हातारपण फार सुंदर दिसतं. मग आम्ही वर कळवतो, सगळं ठीक आहे. आणि ज्यांना मदत हवी ते घरात बसून राहतात."

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या. न आलेल्यांचा हिशेब लावता येत नाही?"

"लावतो. यायचे थांबले त्याआधी त्यांची रेष कशी होती ते बघतो. समजा थोडे उतरले असतील, समजा बरेच उतरले असतील, अशी दोन-चार प्रकारे गणितं करून पाहतो. पण न आलेल्या माणसाबद्दलचं गणित म्हणजे बंद दाराबाहेरून घरात कोण आहे ते ओळखणं. दार उघडलं तर बरं पडतं."

मामांनी चहाचा कप बशीत गोल फिरवला. "म्हणजे मी नापास व्हायला यायचं."

"नापास कुणी होत नाही हो."

"मला चार आले."

"चार ही बातमी आहे. तुम्ही घरी बसलात की बातमीच नाही."

मग मामा कपाकडे बघत म्हणाले, "गेल्या हिवाळ्यात मी आपल्याच गल्लीचं वळण चुकलो. पायी. पुढच्या चौकापर्यंत गेलो, तिथे उभा राहिलो, आणि इथे कशाला आलो ते कळेना. मग एक ओळखीचा भेटला. त्याच्याशी गप्पा मारत मारत त्याच्याच मागे घरापर्यंत आलो. त्याला वाटलं मी त्याला सोडायला चाललोय."

हे मामीला माहीत नव्हतं. तिने हातातला डबा खाली ठेवला. रडेल असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "एवढी वर्षं लोकांना सांगत आलात, वेग कमी झाला म्हणून गाडी मधेच टाकून कुणी पळत नाही. आता स्वतः पळताय होय?"

मामांनी कप खाली ठेवला. मग आकडेबाईंना म्हणाले, "कोण कोण येत नाही, त्यांना कुणी तरी जाऊन भेटायला हवं."

"नावं मला सांगता येत नाहीत," आकडेबाई म्हणाल्या. "नियम आहे."

"नावं कोण मागतंय? गल्ली माझी आहे."

दुसऱ्या दिवसापासून मामा कामाला लागले. परीक्षेला मुलं धरून नेणारा माणूस, त्याला हे नवीन नव्हतं. नवीन एवढंच, की आता तो सांगत होता, "चला, काही आलं नाही तरी चालेल." टेलरकाकांना त्यांनी मशीनमागून बाहेर काढलं.

"मला तीनच आठवले," टेलरकाका हळूच म्हणाले. "गिऱ्हाइकांना कळलं तर मापं कोण देईल माझ्याकडे?"

"मापं लिहून ठेवता ना?"

"लिहून ठेवतो."

"मग डोक्याचा संबंध काय?"

मुख्याध्यापिकाबाई जास्त कठीण निघाल्या. त्यांनी मामांना दारातच उभं केलं. "मी आयुष्यात कधी कमी मार्क मिळवलेले नाहीत."

"मग बाई, हा अनुभव राहून गेलाय तुमचा," मामा म्हणाले. बाईंनी दार लावून घेतलं. पण पुढच्या आठवड्यात स्वतःहून आल्या आणि ताईंना आधी प्रश्न नीट उच्चारायला शिकवून मग बसल्या.

राहिले सलूनवाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. पहिल्या फेरीनंतर ते चाचणीला आले नव्हते, आणि दुकानही बरेच दिवस सून चालवत होती. सासऱ्यांना ती आतल्या खोलीत बसवून ठेवत असे. मामा गेले तेव्हा ती दारात आडवी आली.

"मामा, ते आता कुणाला ओळखत नाहीत. लोक प्रश्न विचारतात, ह्यांना येत नाही, मग रात्रभर बेचैन असतात. मला नको ते."

"मी प्रश्न विचारायला आलोच नाही," मामा म्हणाले. "केस कापायला आलोय."

त्यांनी मला सोबत नेलं होतं, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. सलूनवाले बाहेर आले, मामांकडे पाहून ओळखीचं काहीच हसले नाहीत. पण खुर्चीत माणूस बसलेला दिसला आणि त्यांचे हात आपोआप कापडाकडे गेले. कापड झटकलं, मानेभोवती बांधलं, कात्री दोनदा हवेत चालवली आणि सुरुवात केली. हात जराही अडखळला नाही. कानामागचं वळण, मानेवरची सरळ रेघ, सगळं जसं त्यांनी चाळीस वर्षं केलं तसं. सून तोंडावर हात धरून बघत होती. झालं तेव्हा त्यांनी मागे आरसा धरला. मामा म्हणाले, "उत्तम."

सलूनवाल्यांनी कापड काढून झटकलं. खुर्चीत पाहिलं, तर तिथे एक माणूस बसला होता. त्यांनी कापड पुन्हा त्याच्या मानेभोवती बांधलं.

"बाबा," सून पुढे झाली. मामांनी कापडाखालून हात काढून तिला थांबवलं. आणि मामांनी दुसऱ्यांदा केस कापून घेतले. पहिल्यापेक्षाही मन लावून कापले गेले. पुन्हा आरसा आला. मामा म्हणाले, "उत्तम." या वेळी मात्र ते कापड झटकायच्या आत उठले, कारण तिसऱ्यांदा कापायला काही उरलं नव्हतं.

घरी गेल्यावर मामीने दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

सलूनवाल्यांची चाचणी त्यांच्याच दुकानात झाली. सून तयार झाली ती मामांच्या डोक्याकडे बघून. एवढं करणारा माणूस सासऱ्यांना त्रास होऊ देणार नाही, असं तिला वाटलं. ताईंनी दहा शब्द वाचले. सलूनवाल्यांना एकही आठवला नाही. ते फक्त ताईंच्या कपाळावरच्या बटेकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "डावीकडे जास्त ठेवलेत. कोणी कापले?" ताईंनी शून्य लिहिलं आणि खाली ते वाक्यही लिहून घेतलं.

काही महिन्यांनी आकडेबाई मामांकडे आल्या. फार खुशीत होत्या. सोबत एक कागद आणला होता, त्यावर कुणाचं नाव नव्हतं, नुसत्या रेषा. "तुमची गल्ली आता व्यवस्थित घसरतेय," त्या म्हणाल्या. "इतकी सलग माहिती आम्हाला कुठल्याच गल्लीतून मिळालेली नाही."

मामांनी गॅरेजचं कुलूप काढून तो कागद फळ्यावर चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. "आमची गल्ली सगळ्यात चांगली घसरते," ते सांगत. ऐकणारे जपून पाय टाकत.

कामाचं असं झालं की इतर गल्ल्यांतही संस्थेने न येणाऱ्यांच्या घरी माणसं पाठवायला सुरुवात केली. त्या न येणाऱ्यांचे आकडे धरून गणितं केली तेव्हा उतार आधीच्या कागदावर होता त्याहून बराच तीव्र निघाला. हे वर कळवल्यावर एक नर्स ठरवून दिली गेली. ती आठवड्यातून दोन दुपारी सलूनवाल्यांकडे येते, म्हणून सुनेला दुकान नीट बघता येतं. नर्सचे केस आता फार आखूड आहेत.

मामांच्या डोक्याची डॉक्टरांनी तपासणी केली. फाटकवाल्या डॉक्टरांनी नव्हे, दुसऱ्या. एक गोळी सुरू झाली, फिरायला जाताना खिशात पत्ता ठेवायचं ठरलं. मामांना पत्ता आवडला नाही. मग मामी त्यांच्यासोबत फिरायला जायला लागली, आणि ते त्यांना पत्त्याहून जड पडलं, कारण मामी वाटेतल्या प्रत्येकाशी बोलते.

गेल्या महिन्यात पुढची फेरी झाली. आता सगळे गॅरेजमध्येच जमतात. मी मामांना घेऊन गेले होते. बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यातल्या एकीवर नवे गृहस्थ बसले होते. या वर्षी प्रथमच घेतलेल्यांपैकी, म्हणजे आकडेबाईंच्या भाषेत कोरे. ते घाबरले होते. हातरुमालाने पुन्हा पुन्हा तळवे पुसत होते.

"अवघड असते का हो?" त्यांनी मामांना विचारलं.

"असते. पण निकाल लावत नाहीत."

"तुम्ही आधी दिलीय म्हणे. काही युक्ती असेल तर सांगा ना."

टेलरकाका बोलायचं थांबले. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा वर केला. मीही मामांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आत काही तरी पुलावर चढत होतं हे मला दिसत होतं. मग त्यांनी त्या गृहस्थांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कान साफ आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"बास. जा आता."

गृहस्थ आत गेले. त्यांच्यानंतर मामांची पाळी होती. ते आत बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा थकलेले दिसत होते, पण शर्ट नीट खोचलेला होता. टेलरकाकांनी भुवया उंचावून विचारलं, तेव्हा मामांनी तीन बोटं दाखवली. टेलरकाकांनी स्वतःची चार दाखवली आणि दोघांनी माना डोलावल्या.

घरी मामी भाजी चिरत बसली होती. "किती?" तिने वर न बघता विचारलं.

"तीन. मागच्या वेळेपेक्षा एक कमी."

"मग? काय म्हणाल्या ताई?"

"पुढच्या फेरीला या म्हणाल्या," मामा म्हणाले, आणि तिच्यासमोरच्या ढिगातल्या शेंगा ओढून घेऊन सोलायला बसले.